वीर्यनाशाची भीती : धर्माची की शास्त्राची?

यवतमाळ जिल्ह्यातील महागावाकडून पैनगंगा ओलांडून माहूरगडास जाणारा यात्रेकरू एकाच डोंगराळ परिसरात तीन शिखरांचे दर्शन घेतो. एका शिखरावर जमदग्नीची पत्नी आणि परशुरामाची माता रेणुका आहे. दुसऱ्यावर अत्रिऋषींची पत्नी अनसूया. आणि तिसऱ्यावर घरदार नसलेला अवधूत दत्तात्रेय. दोन गृहिणी आणि एक विरक्त अशी ही दैवते शेजारी शेजारी नांदत आहेत. रेणुकेची कथा तर सर्वश्रुत आहे. नदीवर पाण्यास गेली असता गंधर्वाची जलक्रीडा पाहून तिचे मन क्षणभर चळले, त्याबद्दल पतीच्या आज्ञेने तिचा शिरच्छेद झाला आणि पुढे तिला पुन्हा जीवन लाभले. जिचे मन चळले असे कथा सांगते, तीच आज असंख्य मराठी कुटुंबांची कुलदेवता आहे. कामवासनेचे बळ, तिचा धाक, तिच्यासाठी झालेली कठोर शिक्षा आणि शेवटी क्षमा व पूजा, हे सारे या एका कथेत आले आहे. तथापि मन चळल्यामुळे शरीर झिजते, स्मृती नष्ट होते किंवा वेड लागते, असे मात्र ही कथा कोठेही सांगत नाही.

ती गोष्ट सांगणारे निराळेच आहेत. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाल्याच्या पालापुढे क्षणभर उभे राहावे, अथवा रस्त्याकाठच्या भिंतींवरील जाहिराती वाचाव्यात, म्हणजे ती गोष्ट कानी किंवा डोळ्यांवर पडते. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब. लहानपणच्या चुकीने धातू पातळ होतो. स्वप्नावस्थेने डोळे खोल जातात, पाठ दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि अखेरीस मेंदू निकामी होतो. हाच मजकूर थोड्या शुद्ध भाषेत ब्रह्मचर्यावरील पुस्तिकांत आणि काही प्रवचनांतही आढळतो. तेथे त्यास धर्माची आज्ञा म्हटलेले असते आणि सोबत 'शास्त्रानेही हे सिद्ध केले आहे' अशी पुस्ती असते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ते वाचतो आणि आपण पापी तर आहोतच, शिवाय रोगीही आहोत, अशी त्याची खात्री होते. घरात कोणास विचारण्याची सोय नसते. मग ही खात्री तो एकटाच वर्षानुवर्षे बाळगून राहतो.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, ही भीती खरोखर धर्माची आहे काय? आणि ज्या शास्त्राचा हवाला दिला जातो, ते शास्त्र कोणते?

प्रथम आपल्याकडील जुन्या ग्रंथांकडे वळावे. आयुर्वेदाने रसापासून शुक्रापर्यंत सात धातू मानले आणि शुक्रास शेवटचे, म्हणून सारभूत स्थान दिले, यात शंका नाही. सुश्रुताच्या मते आहाररसाचे शुक्र होण्यास एक महिना लागतो. प्रमेहाच्या प्रकारांत शुक्रमेहाचेही नाव आहे. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य असे शरीराचे तीन आधार सांगितले. म्हणजे संयमाचा गौरव आपल्या वैद्यकात आहेच. परंतु त्याच वैद्यकाची दुसरी बाजू पुस्तिकांचे लेखक सांगत नाहीत. ज्या नैसर्गिक वेगांना अडवू नये असे चरकाने बजावले, त्यांत मलमूत्राच्या वेगाबरोबर शुक्राच्या वेगाचीही गणना आहे; तो अडविल्यास अंग दुखते व लघवीस अडथळा होतो, असे तो म्हणतो. वाग्भटाने तर शरीराचा तिसरा आधार सांगताना ब्रह्मचर्याच्या ऐवजी अब्रह्मचर्य, म्हणजे युक्तीने केलेला समागम, असा शब्द योजला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग समागमशक्ती व संतती यांसाठीच आहे.

धर्मशास्त्राची गोष्टही अशीच आहे. ब्रह्मचर्य हा चार आश्रमांतील पहिला आश्रम होय. काम हा चार पुरुषार्थांतील एक पुरुषार्थ होय. व्रतस्थ ब्रह्मचाऱ्याने जाणूनबुजून वीर्यपात केला तर त्याचे व्रत भंगते, असे मनुस्मृती मानते. पण झोपेत, इच्छा नसता तसे झाले तर काय करावे? मनूने सांगितलेला उपाय फार साधा आहे. त्याने स्नान करावे, सूर्याची पूजा करावी आणि एक ऋचा तीन वेळा जपावी. एवढ्याने तो मोकळा झाला. क्षयाचे, वेडाचे, नपुंसकत्वाचे नाव तेथे नाही. मनूसारख्या कडक स्मृतिकाराने ज्या गोष्टीचा निकाल एका आंघोळीत लावला, तिच्यासाठी आजचा मुलगा रात्ररात्र जागतो, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

मग हे वेड आले कोठून? त्याचा माग काढू गेल्यास तो बराचसा युरोपात लागतो.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडन शहरात 'ओनानिया' नावाची एक निनावी पुस्तिका निघाली. हस्तमैथुनाच्या पातकामुळे होणाऱ्या भयंकर परिणामांचे वर्णन आणि त्यावरील औषधाची शिफारस, असे तिचे दुहेरी स्वरूप होते. धर्मोपदेश आणि औषधविक्री यांची जोडी तेव्हापासूनच जमलेली आहे. या पुस्तिकेस विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळवून दिली ती लोझान येथील स्विस डॉक्टर साम्युएल तिसो याने. १७६० साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक औंस वीर्याचा नाश हा चाळीस औंस रक्तस्रावापेक्षा अधिक दुर्बल करणारा आहे, असे प्रतिपादन होते. चाळीस हा आकडा त्याच्याही पूर्वीच्या वैद्यकात फिरत होता. मात्र तो कोणीही मोजून काढलेला नव्हता; एकाने सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला, एवढाच त्याचा इतिहास आहे.

तिसोनंतर मनोविकारांच्या डॉक्टरांची पाळी आली. अमेरिकेतील बेंजामिन रश याने १८१२ च्या आपल्या मनोरोगविषयक ग्रंथात वेडाच्या कारणांत या सवयीची गणना केली. फ्रान्समध्ये लालमाँ याने १८३६ पासून तीन खंडांचा ग्रंथ लिहून वीर्यस्राव नावाचा रोगच उभा केला आणि त्यावर मूत्रमार्गात दाहक औषध लावण्याचा क्रूर उपचार सांगितला. आज आपल्याकडे 'धातू जाणे' म्हणून जी तक्रार ऐकू येते, तिचे हे युरोपीय भावंडच म्हणावे लागेल. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ली याने १८६८ साली हस्तमैथुनजन्य वेडाचे वर्णन केले. अमेरिकेत ग्रॅहम आणि पुढे केलॉग यांनी सौम्य, मसाल्यावाचूनचा आहार हा वासना शमविण्याचा उपाय म्हणून पुरस्कारिला. यांपैकी ग्रॅहम हा धर्मोपदेशक होता, आणि केलॉग हा अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात वाढलेला डॉक्टर होता. धर्माने ज्यास पाप म्हटले त्यासच वैद्यकाने रोग म्हटले. आणि वैद्यकाने रोग म्हटले म्हणून धर्मास आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. दोघेही एकमेकांची साक्ष देत होते, परंतु पुरावा दोघांजवळही नव्हता.

या सिद्धांतातील चूक समजण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. वेड्यांच्या इस्पितळातील रोगी हस्तमैथुन करताना डॉक्टरांनी पाहिले आणि हेच वेडाचे कारण, असा निष्कर्ष काढला. इस्पितळाच्या भिंतीबाहेरील शहाणी माणसे काय करतात, याची चौकशी कोणी केली नाही. ती चौकशी पुढे झाली, तेव्हा इमारत कोसळली. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भयकथा पुराव्यास उतरत नाहीत, हे दाखविले. मॉड्स्लीचे स्वतःचे मतही उतारवयात बरेच सौम्य झाले. त्या काळच्या इस्पितळांत पुष्कळ आढळणारा पक्षाघातयुक्त वेड हा उपदंशाच्या जंतूंमुळे होतो, हे १९१३ साली रोग्यांच्या मेंदूतच ते जंतू सापडल्याने ठरले. अखेर १९४८ साली अमेरिकेत किन्से यांच्या पाहणीत, विचारलेल्या पुरुषांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ही गोष्ट केली असल्याचे आढळून आले. जिने वेड लागते ती गोष्ट जर जवळजवळ सर्वच जण करीत असतील, तर शहाणे कोण उरले, असा प्रश्न पडावा.

पश्चिमेकडे हा सिद्धांत जुना होत असतानाच इकडे तो नव्या विद्येच्या डौलाने रुजत होता. इंग्रजी वैद्यकाची पुस्तके, मिशनरी नीतिशिक्षण आणि पेटंट औषधांच्या जाहिराती, अशा तीन वाटांनी तो आला. येथे त्यास सप्तधातूंची आणि ब्रह्मचर्याची तयार भूमी मिळाली. पारतंत्र्याने खचलेल्या समाजास आपल्या दुर्बलतेचे कारण हवेच होते. 'वीर्यनाश' हे कारण सोपे होते आणि त्यावरील उपाय प्रत्येकाच्या हातचा वाटत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार याने १८८९ साली प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेऊन तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. पुढे तो केवळ मनाचा भास ठरला, परंतु वीर्य शरीरात जिरविल्याने तेज चढते या समजुतीस अशा वार्तांनी बळ आले. ऋषिकेशचे स्वामी शिवानंद हे पूर्वाश्रमी मलायात डॉक्टरी करीत असत. त्यांच्याही ब्रह्मचर्यविषयक लेखनात रक्ताच्या चाळीस थेंबांचे गणित आढळते. संन्याशाची वाणी आणि डॉक्टरची पदवी एकत्र आल्यावर सामान्य वाचकाने शंका कशी घ्यावी?

या संदर्भात महात्मा गांधींचा उल्लेख टाळता येत नाही. १९०६ साली त्यांनी घेतलेले ब्रह्मचर्याचे व्रत हे सेवेसाठी आणि आत्मशुद्धीसाठी होते, आणि त्या दृष्टीने ते कोणाच्याही आदरास पात्र आहे. परंतु १९२६ साली 'यंग इंडिया'तून संततिनियमनाच्या साधनांविरुद्ध लिहिताना त्यांनी पॉल ब्यूरो या फ्रेंच लेखकाचा आधार घेतला. आणि १९२७ साली त्या लेखांचे पुस्तक झाले, तेव्हा त्यास विल्यम लॉफ्टस हेअर यांचा एक निबंध जोडण्यात आला. प्रजोत्पादनात खर्च होणारी शक्ती शरीराच्या पुनर्घडणीतून वजा होते, असा त्या निबंधाचा आशय होता. शरीरशास्त्राने हा हिशेब मान्य केलेला नाही. १९३५ च्या डिसेंबरात यवतमाळास लागूनच असलेल्या वर्धा येथे मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. बाळंतपणांनी पिचलेल्या स्त्रियांची बाजू त्यांनी मांडली; गांधीजी संयमाच्या मुद्द्यावर अढळ राहिले. त्या चर्चेत खरा मतभेद नीतीचा होता आणि नीतीचे मतभेद मोठ्या माणसांत असावयाचेच. अडचण एवढीच की, गांधीजींच्या मागून आलेल्या अनेकांनी त्यांचे नैतिक धैर्य न घेता केवळ वीर्याचा हिशेब उचलला.

या हिशेबाविरुद्ध मराठीत सर्वांत चिकाटीने कोणी लिहिले असेल तर ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना मिशनरी महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यूने गाठीपर्यंत ते चालविले. त्या मासिकातील वाचकांची प्रश्नोत्तरे हा मराठी समाजाच्या झाकलेल्या मनाचा एक दस्तऐवजच आहे. जे प्रश्न बापास, गुरूस अथवा वैद्यास विचारता येत नव्हते, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांस सरळ, कोरड्या, गणितज्ञाच्या भाषेत उत्तर देत. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ साली त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला तो नेमका या प्रश्नोत्तरांवर; हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीच्या शंकांना त्यांनी उत्तरे दिली होती. त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांविषयी लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकांनी शंका विचारल्यास जाणत्याने उत्तर देणे योग्यच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि २०० रुपये दंड ठोठावला. भीती पसरविणाऱ्या जाहिराती उजळ माथ्याने छापल्या जात होत्या. भीती घालविणारे उत्तर मात्र दंडास पात्र ठरले.

आजचे शरीरशास्त्र याविषयी काय सांगते, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. वीर्य रक्त आटवून तयार होत नाही. त्याचा बहुतेक द्रवभाग शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांच्या स्रावाचा असतो. वृषणांतून येणारा भाग शेकडा पाचांच्या आतबाहेरचा. शुक्रबीजे वयात आल्यापासून सतत, रोज कोट्यवधी, उत्पन्न होत राहतात. जी बाहेर पडत नाहीत ती शरीरात विरून जातात. त्यांचे मेंदूत अथवा तेजात रूपांतर होत नाही. स्वप्नावस्था ही वाढत्या वयाची खूण आहे, रोग नव्हे. लघवी कधी कधी गढूळ दिसते, ती बहुधा तीतील क्षारांमुळे. त्यास 'धातू' समजून हजारो तरुण घाबरतात.

परंतु भीती खोटी असली तरी तिचे दुःख खरे असते. १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञाने अशा रोग्यांच्या लक्षणसमूहास 'धात सिंड्रोम' हे नाव दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा उल्लेख झाला. थकवा, छातीत धडधड, झोप न लागणे, उदासी, समागमाच्या वेळी अपयश, अशी त्याची लक्षणे होत. ती कशी उद्भवतात हे समजण्याजोगे आहे. आपली शक्ती गळते आहे असे ज्याने मानले, तो सतत आपल्या शरीराकडे पाहत राहतो. प्रत्येक थकव्यात त्यास पुरावा सापडतो. चिंतेने झोप उडते, झोप उडाल्याने थकवा वाढतो. लग्न होते तेव्हा हीच भीती शयनगृहात शिरते आणि चिंताग्रस्त शरीर साथ देत नाही. मग भाकीत खरे झाले असे त्यास वाटते. बिचाऱ्या पत्नीस यातले काहीच ठाऊक नसते. पतीच्या मनात ती सहचारिणी न राहता शक्तीचे हरण करणारी बनते. स्त्रियांतही अंगावरून पांढरे जाण्यास साऱ्या अशक्ततेचे कारण मानून झुरणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांच्या खऱ्या कष्टांची, उपासमारीची आणि मनस्तापाची चौकशी त्यामुळे राहून जाते. डॉक्टरी तपासणीने खरा आजार नाही ना याची खात्री करणे, शांतपणे माहिती देणे आणि चिंता किंवा उदासी असल्यास तिच्यावर उपचार करणे, एवढ्याने यांपैकी बरेचजण बरे होतात.

टाकून दिलेल्या सिद्धांताचा आश्रय धर्माने घेतल्याचे दुसरे उदाहरण समलिंगी आकर्षणाचे आहे. कठोर किंवा दूर राहणारा पिता आणि अति जवळीक करणारी माता यांमुळे मुलगा तसा होतो, असे मत गेल्या शतकाच्या मध्यास काही मनोविश्लेषकांनी मांडले. त्यास आधार न मिळाल्याने ते मागे पडले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकतेस रोगांच्या यादीतून काढले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीच्या अशा संबंधांस गुन्ह्यातून वगळले. आणि असे आकर्षण 'बरे' करण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरविले. तरीही भिन्न धर्मांचे उपदेशक अजून तेच जुने कारण सांगतात आणि आईबाप आपल्याच संगोपनास दोष देत रडतात.

यावरून धर्म आणि शास्त्र यांचे वैर आहे, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. संयम हे मूल्य आहे. विरक्ती हा एक थोर मार्ग आहे. ज्यास तो पत्करावयाचा असेल त्याने तो देवासाठी, ज्ञानासाठी अथवा सेवेसाठी पत्करावा. त्यासाठी चाळीस थेंबांच्या खोट्या हिशेबाची गरज नाही. एकनाथ आणि तुकाराम यांनी संसार केला आणि रामदासांनी केला नाही. मराठी समाजाने तिघांनाही संत म्हटले, तेव्हा कोणाच्याही रक्ताचा हिशेब मागितला नाही. शास्त्राची मते बदलतात, आणि ती बदलणे हाच शास्त्राचा गुण होय. धर्म मात्र एकदा उसना घेतलेला सिद्धांत सहसा परत करीत नाही. मूळ सावकाराने कागद फाडून टाकला तरी त्याचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या फेडले जाते, आणि ते फेडतात घरातील कोवळी मुले.

म्हणून सुशिक्षित घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य सरळ आहे. मुलगा वयात आला म्हणजे त्याच्या शरीरात काय घडते आहे ते त्यास दोन साध्या वाक्यांत सांगावे, मुलीसही सांगावे. व्रत सांगावयाचे असेल तर व्रत म्हणून सांगावे, रोगाची धमकी म्हणून नव्हे. भिंतीवरील जाहिरात त्यांच्या वाचनात येण्यापूर्वी आईबापांचा शब्द त्यांच्या कानी पडला, तर पुढची पुष्कळ वर्षांची व्यथा वाचेल. मनूच्या ब्रह्मचाऱ्यास एका स्नानाने जे समाधान मिळत असे, ते आजच्या मुलास घरातील एका मोकळ्या संभाषणाने मिळण्यास काहीच हरकत नाही.